तिसगावच्या खोलीतलं एक मिनिट

नगरच्या चित्रपट महोत्सवात पाहुणे सांभाळायचं काम माझ्याकडे कसं आलं, ते आता कुणालाच नीट सांगता येणार नाही. पहिल्या वर्षी कुणीतरी म्हणालं, मॅडम कॉलेजात मराठी शिकवतात, पाहुण्यांचा परिचय त्याच करून देतील. परिचयामागून शाल आली, शालीमागून नारळ आला, आणि मग कुठल्या पाहुण्याला चहा बिनसाखरेचा लागतो हेही मलाच ठाऊक असायला हवं असं ठरून गेलं. मधे जिल्ह्याचं नाव बदललं, महोत्सवाच्या बॅनरवरचंही बदललं. माझं काम तेच राहिलं.

पाहुणे दिग्दर्शक साधारण दोन तऱ्हांचे असतात. काही जण "दहा मिनिटांत पोचतोच" असा फोन करतात आणि शिरूरच्या ट्रॅफिकमधून दोन तासांनी उगवतात. काही जण वेळेवर येतात, तेव्हा आमच्या सभागृहाचं कुलूप उघडायचं असतं. दोघेही माईक हातात आला की "इथं येऊन घरी आल्यासारखं वाटतंय" हे वाक्य म्हणतात. मी विंगेत उभी राहून त्या वाक्याची वाट बघते आणि ते आलं की नारळ या हातातून त्या हातात घेते. माझी जीभ तिखट आहे. हिच्या तोंडी लागू नये, असं घरचे म्हणायचे आणि मला त्याचा थोडा अभिमानच वाटायचा.

या पाहुण्यांना सांगायला माझ्याकडे एक हुकमी किस्सा होता. जेवताना बोलणं अडलं की मी तो काढायची.

काही वर्षांपूर्वी महोत्सवाला आलेल्या एका तरुण दिग्दर्शिकेला तिच्या छोट्या फिल्मसाठी साधं, पत्र्याचं, खेड्यातल्या शिक्षकाचं घर हवं होतं. मी म्हटलं, माझ्या वडिलांचं आहे ना तिसगावात. पप्पा प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. आई गेल्यावर तिथं एकटेच राहत. रविवारी चर्च, रोज सकाळी बायबलचा एक अध्याय आणि संध्याकाळी गावातल्या कुणाचा तरी अर्ज लिहून देणं, असा त्यांचा दिनक्रम होता. मे महिन्यातल्या एका दिवशी मी चार जणांना घेऊन तिथं पोचले. दिग्दर्शिका, कॅमेरावाला, एक नट आणि कानाला मोठाले हेडफोन लावलेला एक साउंड रेकॉर्डिस्ट. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "मास्तर, तुमी बी दिसनार का पिच्चरमधी?" पप्पा म्हणाले, "न्हाई बाई. माजी निस्ती खोली दिसनार हाय." ते खुशीत होते. सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

दुपारी शूटिंग संपलं. तेव्हा रेकॉर्डिस्ट म्हणाला, आता सगळ्यांनी एक मिनिट जिथं आहात तिथं गप्प उभं राहायचं, मला या खोलीचा रूम टोन घ्यायचाय. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, म्हणाला. तीही रेकॉर्ड करून न्यावी लागते. पुढे एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधे ती भरतात, नाहीतर आवाज तुटल्यासारखा वाटतो. सगळे उभे राहिले, माना खाली घातल्या. पप्पांनीही उभं राहून डोळे मिटले, हात जोडले, आणि मिनिट संपता संपता हळूच म्हणाले, "आमेन."

सगळे हसले. आमच्या घरात माणसं एका वेळी गप्प उभी राहिली, की ती प्रार्थनाच. दुसरं काही असू शकतं हे पप्पांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. त्यांना समजावलं. ते "हो हो" म्हणाले. पुन्हा मिनिट लावलं. शेवटी पुन्हा, "आमेन." मग मी त्यांचा हात धरला, म्हटलं, पप्पा, चला, आपण जरा बाहेर बसू, इथं उकडतंय. कडुलिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून दिली. तिसऱ्या वेळी रूम टोन नीट झाला.

किस्सा इथं संपायचा. पाहुणे खूश व्हायचे. एक दिग्दर्शक तर म्हणाले होते, मॅडम, यावरच फिल्म करायला हवी.

त्या शूटिंगनंतर चार महिन्यांनी पप्पा गेले. छातीचं दुखणं जुनंच होतं, ते वाढलं. शेवटचे दिवस त्यांच्या तोंडावर मास्क होता, त्यामुळे बोलणं असं झालंच नाही. पाटीवर लिहून दाखवायचे, तेही शुद्ध. घर आम्ही वर्षभरात विकलं. घेणाऱ्याने ते पाडून रस्त्याच्या बाजूने गाळे काढले. तिसगावच्या बाजाराला जाणं झालं तरी मी त्या बाजूला बघत नाही.

मला एकच भाऊ. तो नोकरीसाठी दुबईला असतो. मातीला वेळेत पोचू शकला नाही. आल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "पप्पांचा आवाज आहे का गं कुठे?" आम्ही दोघांनी सगळे फोन पालथे घातले. फोटो ढीगभर होते. आवाज कुठेच नव्हता. व्हॉट्सअपवर पप्पा कधी बोलून पाठवायचे नाहीत. टाइप करायचे, चुका तपासायचे आणि मग पाठवायचे. आमच्या लग्नांच्या कॅसेटींवर बँड आणि गाणी तेवढी होती. पुढे दर वर्षी, पप्पा गेले त्या तारखेला, भाऊ मला फोन करून तेच विचारायचा. सापडलं का काही? मी म्हणायची, नाही रे. माझ्याही कानातून त्यांचा आवाज जात चालला होता, हे मी त्याला सांगितलं नाही. त्यांनी मला हाक मारली तर ती कशी ऐकू येईल, हे मी आठवायला बसायची आणि मला माझाच आवाज ऐकू यायचा. त्याची मला भीती वाटायला लागली होती.

गेल्या वर्षीच्या महोत्सवाची पाहुण्यांची यादी हातात आली, तर वक्त्यांमध्ये तो रेकॉर्डिस्ट होता. मधल्या काळात तो मोठा झाला होता. 'सिनेमातला आवाज' यावर त्याचं सकाळचं सत्र ठेवलं होतं. त्याला स्टेशनवरून मीच घेऊन आले.  गाडीत पप्पा गेल्याचं मी सांगितलं, तेव्हा "अरे" एवढंच म्हणाला आणि खिडकीची काच खाली केली.

सभागृहात कॉलेजची मुलं आणि निवृत्त मंडळी मिळून बरी गर्दी होती. परिचय करून देताना मी अर्थातच तो किस्सा सांगितला. या पाहुण्यांनी आमच्या घराची शांतता नेली आहे, असं म्हणून मी सुरुवात केली, आणि आमेनपर्यंत येईतो सगळं सभागृह हसत होतं. हात धरला, सावलीत खुर्ची टाकली, तेही सांगितलं. बोलता बोलता मी त्याच्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता. हातातल्या बाटलीचं झाकण काढत होता आणि पुन्हा लावत होता. मला वाटलं, बोलायचं दडपण असेल.

त्याचं बोलणं छान झालं. शांतता म्हणजे काय ते समजावताना त्याने वेगवेगळ्या जागांचे रूम टोन ऐकवले. देवळाचा गाभारा, साखर कारखान्याचं ऑफिस, रिकामा वर्ग. मग म्हणाला, "आणि ही मॅडमच्या तिसगावच्या घरातली खोली."

मी विंगेत शाल घेऊन उभी होते. स्पीकरमधून आमचं घर आलं. पंख्याची दर फेऱ्याला होणारी टकटक. उन्हाने तापून कुरकुरणारा पत्रा. लांबवर काकूंची शेळी. तीन-साडेतीनशे माणसं गप्प बसून आमची खोली ऐकत होती, आणि ती खोली आता जगात कुठेही नव्हती.  मला एवढंच कळत होतं की ही तिसरी वेळ आहे. या शांततेत सगळे आहेत, मीसुद्धा आहे, फक्त पप्पा नाहीत.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं, की पहिल्या दोन वेळा जे रेकॉर्ड झालं त्याचं काय झालं? इतकी वर्षं किस्सा सांगत होते, आणि पप्पांचा आवाज कुठे असू शकतो हे मला सुचलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात ते हेच.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला बाजूला घेतलं. "ते आधीचे दोन टेक तुम्ही ठेवलेत का हो?"

त्याने ताट खाली ठेवलं. "आम्ही सहसा काही उडवत नाही, मॅडम."

"मग आहेत?"

"पहिल्यात आमेनवरच सगळे हसलेत, काही कळत नाही. दुसरा स्वच्छ आहे." त्याने रुमालाला बोटं पुसली. "त्यांचं आमेन येतं तिथपर्यंत कापून देऊ का तुम्हाला? पुढचं तसं कामाचं नाही."

"कापायचं कशाला? सगळं ऐकवा ना," मी म्हटलं. त्या घाईत त्याचा चेहरा मी वाचला नाही.

मेकअपच्या खोलीत त्याने लॅपटॉप उघडला आणि हेडफोन माझ्या कानांवर चढवले. पंखा सुरू झाला. पत्रा. शेळी. आणि त्या सगळ्याच्या अलीकडे, अगदी जवळ, पप्पांचा श्वास. श्वास सोडताना त्यांच्या छातीत बारीक शीळ वाजायची, ती मी साफ विसरले होते. मी डोळे मिटले. मिनिटभर ते माझ्याशेजारी उभे होते, यात मला आजही शंका नाही. मग ते म्हणाले, "आमेन." मला रडू आलं. इतकं सुख मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

त्यानंतर एक बाई बोलली.

तिचा आवाज इतका कर्कश होता की मला वाटलं, काकूच आत आल्या. "पप्पा, कळत नाही का तुम्हाला? किती वेळा सांगायचं? माणसं इथं कामाला आलीत, तुमच्या प्रार्थनेला नाही. लाज आणता नुसती. व्हा बाहेर."

"चुकलं गं," पप्पा म्हणाले. "सवय आहे ना. जातो."

चपलांचा आवाज. मग पप्पाच, थोडे लांबून, "माझी टोपी कुठंय? ऊन आहे बाहेर."

"राहू द्या ती टोपी. जा म्हटलं ना."

दार उघडल्याचा आवाज. आणि दारातून, रेकॉर्डिस्टला उद्देशून असावं, "माफ करा हं, बाळ. तुमचं काम खोळंबलं." रेकॉर्डिंग तिथं संपत होतं.

मी हेडफोन काढले नाहीत. काढले असते तर त्याच्याकडे बघावं लागलं असतं. त्या दिवशी हे सगळं हेडफोनमधून त्याच्या कानात गेलं होतं, आणि आज सकाळी तीनशे माणसांसमोर मी सावलीतल्या खुर्चीची गोष्ट सांगत असताना तो माझ्यापासून चार फुटांवर बसला होता. मी खोटं बोलले नव्हते, हेच सगळ्यात वाईट. मला खरंच तसं आठवत होतं. हात धरल्याचं आठवत होतं, त्या हाताचा खरखरीतपणाही आठवत होता. अजून आठवतो. हे दोन्ही माझ्या डोक्यात शेजारी शेजारी राहतात.

पप्पांनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. त्या संध्याकाळी निघताना त्यांनी मला डब्यात शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, हे मात्र मला पक्कं माहीत आहे. म्हणजे, होतं.

"दोन्ही द्या," मी त्याला म्हटलं. "कापलेलं आणि अख्खं." त्याने काही न विचारता पेन ड्राइव्हवर दोन्ही टाकून दिलं. निघताना त्याने मला वाकून नमस्कार केला. मला तो नको होता.

आता महोत्सवात मी किस्सा सांगत नाही. परिचय लिहून नेते आणि वाचते. पण माईकपाशी "आदरणीय पाहुणे" एवढं म्हटलं, की समोरच्या स्पीकरमधून माझा आवाज परत येतो, आणि मला ती बाई ओळखू येते. तीच आहे. उरलेला परिचय मी भराभर वाचून संपवते, मंडळी म्हणतात मॅडम थकल्या.

कापलेली फाइल मी भावाला पाठवली. पाच मिनिटांत त्याचा फोन आला. बराच वेळ तो नुसता रडत होता. मग म्हणाला, "किती निवांत वाटतात गं पप्पा. मी नव्हतो, पण तू होतीस, हे किती बरं झालं. तू सांभाळलंस त्यांना."

मी "हं" म्हटलं.

"आमेननंतर एकदम तुटल्यासारखं वाटतं," तो म्हणाला. "पुढे काही बोलले नाहीत का ते?"

"नाही," मी म्हटलं. "एवढंच आहे."