मोरपंखी रीळ

जयपाल मगदूम, म्हणजे आमच्या गल्लीचे आण्णा, आयुष्यात कधी खोटं बोललेले नाहीत. मासा खाणं तर लांबच राहिलं, मासळी बाजारावरून जायचं म्हटलं तरी ते रिक्षावाल्याला वळसा घालायला लावतात. पक्के जैन: दिवस मावळायच्या आत जेवण, पाणी गाळून, बटाटा उंबऱ्याबाहेर. डास चावला तर हात उगारायचा नाही, फुंकर मारायची. अशा माणसानं नदीतला वाघ धरायचं रीळ निवडलं, आणि तेही एक अक्षर खोटं न बोलता!

आण्णांची उभी हयात इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात गेली. माग घरचेच, पण कामगार आला नाही की मालक स्वतः पाना घेऊन मागाखाली शिरायचे. दोऱ्याला ताण जास्त झालाय हे त्यांना दोरा तुटायच्या आधी कळायचं. पुढं मुलाचा, जिनेंद्रचा, धंदा कोल्हापुरात जमला. माग विकून आण्णा आणि त्यांच्या पत्नी अक्काताई कोल्हापूरला आले आणि आण्णांच्या हातांची पंचाईत झाली. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी गत. त्यांनी घरातले सगळे पंखे उघडून पुन्हा जोडले. मग कुलपं उघडली. ती जोडताना दोन स्प्रिंगा उरल्या. शेवटी अक्काताईंनी मिक्सर कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली.

नेमका त्याच दिवसांत बाळासो तोंड पाडून आला.

बाळासो म्हणजे त्यांच्या घरी म्हशीचं दूध घालणारा. तरुणपणी तालमीत घुमलेला गडी, मनगट अजून मुसळासारखं. दूध वाटून झालं की तो गळ घेऊन नदीकाठी बसतो आणि तिथं त्याचाच कायदा चालतो: ज्याच्या हातात काठी, त्याचा मासा. हा कायदा कसा जन्माला आला तेही सगळ्यांना ठाऊक आहे. गणपतराव नावाच्या भल्या माणसानं तंबाखू मळायला म्हणून आपली काठी घटकाभर बाळासोच्या हातात दिली. तेवढ्यात मासा लागला. बाळासोनं कायदा केला आणि संध्याकाळी मासा खाल्ला. तेव्हापासून गणपतराव त्याच्याशी बोलत नाहीत, काठावर समोरासमोर बसले तरी नाहीत.

तर बाळासोचं दुखणं होतं म्हसोबाच्या डोहातली मरळ. मरळ म्हणजे बेडूक, उंदीर, बदकाचं पिल्लू, समोर येईल ते गिळणारा मासा, आणि ही तर माणसाच्या पायाएवढी होती. तिनं बाळासोची दोरी तीनदा तोडली होती.

"जेवढं वडतोय तेवढं तुटतंय, आण्णा. गल्लीत तोंड दावाय जागा ऱ्हायली न्हाय. आता काठीला मिशीन बसवायचं, रीळ. पर कसलं घ्यायचं कळंना. तुमाला यंत्रातलं कळतंय, चला की."

"मी? मासं माराय?"

"मासं मी मारतो. तुमी निस्तं रीळ निवडायचं. पाप माझं, पुण्य तुमचं."

आण्णांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. मग एक हात काढून विचारलं, "त्याला गिअर असत्यात काय?"

"असत्यात की. बेरिंगबी हायत. आन बिरेक."

दुसरा हातही खाली आला. "जिता जीव गळाला लावणार न्हाईस न्हवं?"

"छ्या! रबराचा बेडूक हाय माझ्याकडं."

झालं! आण्णा घसरले. एकच धास्ती होती, अक्काताईंची. अक्काताई भांडत नाहीत, त्या बोलायच्या बंद होतात. एकदा कुणाच्या वाढदिवसाला आण्णांनी अंड्याचा केक खाल्ला आणि घरी सांगितलं नाही. ते अक्काताईंना दुसरीकडून कळलं आणि अख्खा चातुर्मास घरात फक्त भांडी बोलली. खाल्ल्याचं एवढं नव्हतं, लपवल्याचं होतं. आण्णा ते दिवस अजून विसरलेले नाहीत. दिवसभर बोलायला त्यांना दुसरं होतं तरी कोण?

"कुठं चाललासा?" दारात अक्काताईंनी विचारलंच.

"रीळ आणायला," आण्णा म्हणाले. अगदी सत्यवचन.

मागवाल्याच्या घरात जन्म काढलेल्या बाईला रीळ म्हणजे दोऱ्याचंच. "मग माझ्यासाठी बी एक आणा. मोरपंखी. साडीला फॉल लावायचाय."

हंबीररावांच्या दुकानात गळ, जाळी, काठ्या, सगळं मिळतं. आण्णा तोंडाला रुमाल बांधून आत शिरले.

"पावणं, दात दुखतोय काय?" हंबीररावांनी इतक्या मोठ्यानं विचारलं की रस्त्यावरची दोन माणसं वळली.

पहिलं रीळ आलं ते सोनेरी मुठीचं, नारळाएवढं. बाळासोचा जीव तिथंच जडला. आण्णांनी ते कानाला लावून फिरवलं आणि परत ठेवलं. "आत कायतरी घासतंय." दुसऱ्याची दोरी त्यांनी बोटानं ओढली. आधी हूं की चूं नाही, मग एकदम झटका देऊन सुटली. "ह्ये तर नकोच. दोरा वजनानं तुटत न्हाय, झटक्यानं तुटतो." तिसरं काळं, साधं, मुठीत मावणारं. आण्णांनी पुढची ब्रेकची चकती थोडी पिळली, दोरी ओढली. कर्र्र करत दोरी सुटत राहिली, एका चालीत, कुठं अडणं नाही की धक्का नाही. ठरलेला जोर बसला की चाक आपणहून मागं फिरत होतं. आण्णांनी डोळेच मिटले.

"आरं, ह्ये तर दोरी सोडतंय!" बाळासो ओरडला. "मला सोडणारं नगं, धरणारं पायजे."

"बाळू, तीनदा धरूनच तोडलास न्हवं? ज्याला सोडाय येतंय त्यालाच धराय येतंय. चल, मासा हो."

"आँ?"

"मासा हो म्हणतोय! ही दोरी धर आन पळ."

आणि भर सकाळी, भर रस्त्यात, नव्वद किलोचा बाळासो मासा झाला. दोरीचं टोक मुठीत धरून तो सुसाट सुटला. भाजीच्या गाडीला वळसा, रिक्षाच्या मागून पुढं, दोन बायकांच्या मधून! दुकानाच्या पायरीवर आण्णा ते रीळ बसवलेली काठी उभी धरून होते, रीळ कर्र्र ओरडत होतं, आणि आण्णाही ओरडत होते, "डावीकडं पळ! आता दमलास! दम की लेका!" लोक गोळा झाले. कुणी मासा जिंकणार म्हणालं, कुणी म्हातारा. तेवढ्यात खिशात फोन वाजला. अक्काताई.

"कसला दंगा हो त्यो?"

"रीळ बघतोय."

"गर्दी हाय व्हय दुकानात?"

"लई!" म्हणून आण्णांनी फोन ठेवला आणि बाळासोला गुंडाळत गुंडाळत पायरीपर्यंत आणला. तो खरोखरच धापा टाकत होता. हंबीररावांनी हात जोडले. "पावणं, ह्येच घ्या. दुसरं मागितलंसा तरी आता मी देत न्हाय."

या आनंदात मोरपंखी दोरा कुणाला आठवणार? घराच्या पायरीवर आण्णांना तो आठवला. पण नशीब असं की रिळावर भरून उरलेली मासेमारीची दोरी खिशात होती. बारीक, मऊ, आणि रंग हुबेहूब मोरपंखी. त्यांनी ती गुपचूप पुढं केली. अक्काताईंनी सुईत ओवली, टाके घातले आणि सवयीनं दातानं तोडायला गेल्या. तुटेना. दुसऱ्या बाजूच्या दातानं बघितलं. तुटेना. कात्री घेतली, तीही घसरली.

"कसला दोरा म्हणायचा ह्यो?"

"नवीन आलाय," आण्णा म्हणाले. हेही खरंच होतं. अक्काताईंनी त्यांच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं आणि खाली मान घालून फॉल लावत बसल्या.

रविवारी सकाळी डोहावर जत्रा जमली होती. बाळासोची सून मोना सासऱ्याचा पराक्रम टिपायला फोन घेऊन उभी. पलीकडच्या काठावर गणपतराव, अर्थात मुकाट्यानं. बाळासोनं रबरी बेडूक पानांवर टाकला, टुणटुण नाचवला आणि पाणी फुटलं! काठी वाकली, रीळ ओरडलं, बाळासोचा हात जुन्या खोडीनं ब्रेक आवळायला गेला.

"हात लावू नगंस!" आण्णा केवढ्यानं किंचाळले! बाळासो दचकून वळला, पाय चिखलावरून सटकला, आणि गडी बसला पाण्यात छातीपर्यंत. काठी तेवढी वर धरलेली. "आण्णा, धरा! धरा की!"

आण्णांनी धरली. विचार करायला वेळ कुठं होता? दोऱ्याच्या पलीकडं काहीतरी जिवंत, रागीट, प्रचंड ताकदीचं होतं, आणि मधला दोरा त्यांना सगळं सांगत होता. मरळ ओढायची, आण्णा सोडायचे. मरळ थांबायची, आण्णा गुंडाळायचे. टोपी उडाली, एक चप्पल चिखलात राहिली. "आली! आली! गेली! जा बाई, जा! आली!" असं बरळत आण्णा काठावर नाचत होते, आणि हसत होते, पोट धरायला हात मोकळा नव्हता म्हणून नुसतेच वाकत होते. शेवटी ती आली, काळी, चकाकती, दमून कुशीवर.

बाळासो चिखलातून रांगत आला. "आण्णा, जितलासा! द्या हिकडं, आज घरात मेजवानी!"

आण्णांनी मरळीचं उघडझाप करणारं तोंड बघितलं. हसू ओठांवरच थांबलं.

"बाळू, काठी कुणाच्या हातात हाय?"

बाळासोच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा पडला. "आण्णा, असं करू नगासा. पाया पडतो."

"काठी कुणाच्या हातात हाय?"

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून इतक्या वर्षांनी गणपतरावांचा आवाज आला. "कायदा म्हंजे कायदा, बाळासो!"

काठावरचे सगळे खो खो हसले. बाळासोनं आधी शिव्या घातल्या, मग तोही हसला आणि स्वतःच्या हातानं गळ काढून मरळ पाण्यात सोडली.

आण्णा एका चपलेवर घरी आले. पुसून द्यायला घेतलेलं बाळासोचं रीळ पिशवीत होतं. ते बाळासोकडं पोचवून कायमचं मोकळं व्हायचं, अक्काताईंना कळायच्या आत, असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. अक्काताई मोरपंखी साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या. हातात फोन. तोंडातून शब्द नाही. आण्णा दारातच थबकले. सुरू झाला चातुर्मास!

मग फोनमधून आण्णांचाच आवाज आला. "आली! आली! गेली! जा बाई, जा!"

"रीळ आणायला गेलतासा न्हवं?" अक्काताई म्हणाल्या. "ह्ये बघा, तुमच्या आधी मोनाचं रील घरात आलं."

"मी खोटं न्हाय बोललो," आण्णा पुटपुटले.

"व्हय. पर खरं तरी कुठं बोललासा?" आण्णांनी मान खाली घातली. "दातानं दोरा तुटंना तवाच वळखलं मी. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. रोज वाट बघितली."

"चुकलं माझं," आण्णा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"सोडलासा न्हवं तिला?"

"सोडली."

"जिती?"

"जिती. जाताना बाळूच्या थोबाडावर शेपूट हाणून गेली."

अक्काताईंनी ओठ घट्ट मिटले, पण ते राहीनात. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलायला लागले, आणि मग त्या इतक्या हसल्या की खुर्ची करकरली. डोळे पुसत त्यांनी साडीचा काठ उलटा करून फॉल दाखवला. "आन ह्यो दोरा? नदीत तुटला काय?"

"न्हाय तुटला."

"तुटायचा न्हाय. मीबी वढून बघितलाय." त्यांनी कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि मिक्सर आण्णांपुढं आणून ठेवला. "ह्यो लई खडखडतोय. बघा जरा. आन पुढच्या रविवारी सांगून जावा, म्हंजे डबा देता येईल."

आण्णा स्क्रूड्रायव्हर शोधायला उठले.