अकरा नंबरची कूस

“अकराची कूस बदलली का गं कुणी?”

“न्हाई. सकाळपासनं तशीच हाय. आधी सगळ्यांचं जेवान होऊ दे.”

माझ्या पाठीमागे दोन मावशी चादरींच्या घड्या घालत बोलत होत्या. मी वळले नाही. पुढे मॅनेजर बाई मामाला भुकूममधलं ते रुग्णसेवा केंद्र फिरवून दाखवत होत्या. आईला सोमवारी हॉस्पिटलमधून सोडणार होते. पक्षाघाताने तिची उजवी बाजू गेली होती, बोलणंही गेलं होतं. तिला इथे ठेवायचं की घरी न्यायचं, ते त्या दुपारी ठरवायचं होतं.

कूस हा शब्द मला एकाच अर्थाने माहीत होता. महाळुंग्याला आजोळी बायका कुणाची तरी ‘कूस उजवली’ म्हणायच्या, म्हणजे तिला मूल झालेलं असायचं. अकरा नंबरची कूस बदलतात म्हणजे काय करतात, मला कळेना. विचारलं नाही. इंग्लिश मीडियमच्या पोरीला मराठी येत नाही यावर मामा चारचौघांत हसतो, मग मीही हसते.

फोनमध्ये मी प्रश्नांची लांबलचक यादी आणली होती, सगळी इंग्रजीत. मनातल्या मनात एकेकाचं मराठी करत होते, तोवर बाई पुढच्या खोलीत पोचलेल्या असायच्या.

पूर्वी तिथे मंगल कार्यालय होतं. नवरानवरीच्या स्टेजवर आता आधार धरून चालायचे दोन दांडे लावले होते. त्यांच्यावर ओले टॉवेल वाळत होते.

“हवा लई भारी हाय हितं,” मामा म्हणाला. “आन् ही दिवसभर त्या लॅपटॉपला चिकटलेली. ताईला घरी उचलणार कोण?”

“आम्ही दर दोन तासांनी पेशंटला वळवतो. सगळं लिहिलेलं असतं,” मॅनेजर बाई म्हणाल्या.

लिहिलेलं होतं. अकरा नंबरच्या पलंगाला अडकवलेल्या तक्त्यात दुपारी चारपर्यंतच्या खुणा झाल्या होत्या. स्टेजवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता. पलंगावर एक म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

बाई मामाला घेऊन ऑफिसकडे गेल्या. मी तिथेच रेंगाळले. मघाच्या दोघींपैकी एक मावशी आली, म्हातारीच्या खांद्याखाली एक हात घातला, कमरेखाली दुसरा. “आज्जे, कूस बदलूया का?” म्हातारीचं तोंड उघडलं, आवाज आला नाही. ती ज्या बाजूवर पडली होती, तिथे खुब्यावर करवंदाएवढी काळी जखम होती.

तेव्हा मला शब्दाचा अर्थ कळला.

मी बघितलंय हे मावशीने बघितलं. “दोघीच हाय आमी, बाय,” ती हळू आवाजात म्हणाली. “आन् या चौदा जणी.” ती सबब सांगत नव्हती. उशी घडी करून तिने म्हातारीच्या पाठीशी लावली, नीट.

मामा फॉर्म घेऊन आला. “सही तुजी लागंल. लेक तू हायेस.” मग त्याची नजर पलंगाकडे गेली आणि तो खिडकीबाहेरच्या नव्या इमारती बघत राहिला. “दुसरीकडं तरी काय निराळं असणार हाय?” तो म्हणाला.

ते खरं असावं. आधी दोन ठिकाणं आम्ही बघून आलो होतो. आणि घरी मी एकटी होते, आईपेक्षा अंगाने निम्मी. पण आईला दुखलं तर ती सांगू शकणार नव्हती, आणि तक्त्यात खुणा झालेल्याच असणार होत्या.

मामाकडे बघून बोलणं मला जमलं नसतं. मी मावशीकडे वळले.

“मावशी, कूस कशी बदलायची, मला शिकवा. आईला मी घरी नेणार आहे.”