वसंतअण्णांचा सोमवार

रविवार, फेब्रुवारी २००४. स्थळ: धारवाडबाहेरचा माळ. हजर: शर्यतीला आलेल्या जुन्या मोटारसायकलींपैकी शनिवारच्या सरावानंतरही चालू राहिलेल्या काही, आणि प्रत्येक गाडीमागे अर्धा डझन सल्लागार. रुग्णवाहिका येणार होती. निकाल लिहायला मी, कारण वेळेवर पोचले ती मी एकटीच. शिवाय कोप्पीकर रोडवरचे कापडवाले वसंतअण्णा, लग्नातल्या सफारीत आणि मुलाच्या हेल्मेटमध्ये.

अण्णांचं दुकान माझ्या स्टेशनरीच्या दुकानाला लागून. 'नाही' हा माल त्यांनी कधी ठेवला नाही. मागितलेलं कापड असो वा नसो, उत्तर ठरलेलं: "सोमवारी या." सोमवारी आलेलं माणूस भलतंच काहीतरी घेऊन जायचं. "गिऱ्हाइकाला नाही म्हटलं की ते रस्ता ओलांडतंय, ताई," असं ते मला शिकवायचे. मी कधी विचारलं नव्हतं.

दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांच्या वडिलांची मोटारसायकल होती. ती रोज पुसली जायची. चालवल्याने खराब होते, म्हणून चालवली जायची नाही. त्यांच्या पत्नी सरोजअक्कांना त्या जागी फॉल-पिकोचं मशीन हवं होतं. अण्णांनी शर्यतीत नाव दिल्याचं कळल्यावर त्यांनी निकाल दिला, "पळती गाडी आहे म्हणता न्हवं? मग गाडीवर बसून शेवटची रेघ ओलांडून दाखवा. न्हाई तर सोमवारी कमरीपेठेतला भंगारवाला येतोय."

सोमवार पहिल्यांदाच अण्णांच्या अंगावर आला.

शर्यत सुरू झाली. शूर मंडळी सुसाट सुटली आणि एकेक करून बंद पडली. एकाचा सायलेन्सर गळून पडला. तो शोधायला मालक उलटा चालत गेला. अण्णा साडी उलगडून दाखवण्याच्या वेगाने फिरत राहिले. शेवटच्या फेरीत बघते तर सगळ्यात पुढे अण्णा! अक्कांनी चहाचा कप खाली ठेवला.

एवढ्यात दोरीपलीकडून एका बाईंनी हाक मारली, "अण्णाऽ, हसर खण बंतेन्री?" हिरवा खण आला का, एवढंच विचारायचं होतं.

अण्णा थांबले. हेल्मेटची काच वर केली. "बंदैत्री! सोमवार बर्री!" आलाय, सोमवारी या. काच खाली केली, तोवर इंजिन बंद.

त्यांनी किका मारल्या. सगळे सल्लागार ओरडले. मागून दोघे निघून गेले. दुसऱ्याने हात लावायचा नाही असा नियम होता, म्हणून अण्णा घामाघूम होऊन एकटेच गाडी ढकलत निघाले. शेवटी थोडा उतार होता. तिथे ते कसेबसे पाय टाकून वर बसले आणि गाडी आवाज न करता रेघेवरून घरंगळली.

"इंजिन बंद होतं. हे धरायचं नाही," एक सल्लागार म्हणाले. त्यांची स्वतःची गाडी सकाळीच टेम्पोत चढली होती.

अक्का पुढे आल्या. "बसून आले न्हवं? इंजिनाचं मी काय बोलले न्हवते. लिहा, ताई."

मी लिहिलं. अण्णा खाली मान घालून सफारीच्या बाहीने टाकी पुसत होते. डोळे कशाने पुसले ते मी पाहिलं नाही.

नंतर मी विचारलं, "खण खरंच आला होता?"

"कुठला ओ! पण एवढ्या लोकांत नाही म्हणायचं?"

अण्णा जाऊन आता काही वर्षं झाली. गाडी मागच्या खोलीतच आहे. फॉल-पिकोचं मशीन दुकानाच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात. पुसण्याचं काम अक्कांकडे. गेल्या आठवड्यात म्हणाल्या, "एकदा तिचा आवाज ऐकायचा होता, ताई. कोण मिस्त्री मिळेल काय?"

इतकी जुनी गाडी उघडणारा मिस्त्री माझ्या माहितीत एकही नाही. तसं सांगायला तोंड उघडलं.

"सोमवारी पाठवते," मी म्हणाले.

काम यादीत सगळ्यात वर लिहिलं आहे. आज मंगळवार.