ट्विल विणणारी आई

इचलकरंजीच्या एसटी स्टँडवर आईने एका अनोळखी महिला पोलिसाची खाकी बाही चिमटीत धरली, तेव्हा मी घाबरलोच.

"काय झालं, मावशी?" तिने विचारलं.

"काही नाही गं. ट्विल आहे. असलंच कापड मी वीस वर्षं विणलंय."

वडील गेल्यावर आईने त्यांचा यंत्रमाग चालवायला घेतला. बाईला माग झेपायचा नाही, असं तेव्हा सगळी गल्ली म्हणत होती. ट्विलमध्ये आडवा धागा दर ओळीला एक घर पुढे सरकतो, म्हणून कापडावर तिरकी रेघ उमटते आणि वीण चिवट होते. जीन्स, शाळेच्या पँटी, कामगारांचे गणवेश त्याचेच शिवतात. अंग मोडून काम करणाऱ्यांचं कापड आहे ते. पण मागावरून उतरलेला तागा पुढे कुणाच्या अंगावर चढतो, हे विणणाऱ्याला कधी कळत नाही. आईला त्याची रुखरुख होती.

त्या पोलीस बाईंनी हात मागे घेतला नाही. उलट कोपर वळवून आईपुढे धरलं. "चार वर्षं वापरतेय. पुरातून माणसं बाहेर काढली, तेव्हाही हाच गणवेश अंगावर होता. शिवण दोनदा उसवली, मावशी, कापड नाही फाटलं."

"फाटायचं नाही ते," आई म्हणाली.

बसमध्ये ती ताठ बसली होती. कंडक्टर तिकीट द्यायला आला, तर त्यालाही तिने आपणहून सांगितलं, "मी माग चालवत होते हो."