ताईंच्या नावाचा खांब

प्रमिलाताई कापगते यांची आणि माझी ओळख एका निबंधामुळे झाली. मी सातवीत होतो आणि ताई आम्हाला इतिहास शिकवत. आजोळच्या गावावर लिहिताना मी कंदिलाच्या मंद उजेडाचं भरभरून कौतुक केलं होतं. ताईंनी मला टेबलाजवळ बोलावलं आणि त्या कंदिलाची काच रोज कोण पुसत होतं, ते विचारलं. मी म्हणालो, आजी. "मग तिले विचारून ये, तो उजेड सुंदर होता काय," ताई म्हणाल्या. सुट्टीत गेलो तेव्हा विचारलं. आजीनं कंदिलाला, राखेला आणि घासलेटाच्या धुराला ज्या शिव्या दिल्या, त्या ताईंच्या या गौरवग्रंथात छापता येण्यासारख्या नाहीत.

हे आधीच सांगून टाकतो, कारण ताई उजेडाच्या विरोधात आहेत अशी आवई हल्ली भिलाईतल्या आमच्या वैशाली नगरात काही शहाण्यांनी उठवली आहे. हे साफ खोटं आहे.

ताईंनी उभं आयुष्य दिव्यांचा इतिहास गोळा केला. दुर्ग-भिलाईतल्या जुन्या माणसांच्या घरी त्या जाऊन बसत. दिवस मावळल्यावर तुम्ही काय करत होता, एवढाच त्यांचा प्रश्न असे. त्यातून पणती, चिमणी, कंदील, गॅसबत्ती, पिवळा बल्ब, ट्यूबलाइट अशी सगळी वाट उलगडत जाई. पूर्वी अख्खं घर एका कंदिलाभोवती बसायचं, कारण बाकी सगळीकडे अंधार असायचा. खोलीखोलीत बल्ब आले आणि माणसं पांगली. रात्रीचं जेवण उशिरावर गेलं. संध्याकाळी काचा पुसणाऱ्या पोरी अभ्यासाला बसू लागल्या, आणि त्याचा ताईंना फार आनंद होता. पण कारखान्यांना रात्रही दिवसासारखी वापरता येऊ लागली, हेही त्या त्याच दमात सांगत. "उजेडानं आमाले शिकवलं, पण झोप कोणाची नेली तेही सांगा लागते," हे त्यांचं वाक्य वर्गात पाठ होतं आम्हाला.

ते मला कळलं भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेनवर लागल्यावर. नाइट शिफ्ट करून घरी यायचो तर खोलीत लख्ख ऊन आणि गल्लीत क्रिकेट. झोप नाहीच. केबिनमध्ये डोळे मिटू लागले तेव्हा मात्र मी घाबरलो, कारण क्रेनखाली माणसं काम करत असतात. ताईंच्या कानावर हे कुठून गेलं कोण जाणे. त्यांनी जाड काळ्या कापडाचा पडदा स्वतः शिवून आणला आणि माझ्या बायकोच्या मदतीनं खिडकीला लावला. मग रात्रपाळीच्या माणसाला दिवसा झोपू द्या, असं सांगत त्या गल्लीतल्या दारोदारी गेल्या. तेव्हापासून आमच्या गल्लीत एक रीतच पडली आहे. भरदिवसा एखादी खिडकी झाकलेली दिसली की त्या घराची बेल कुणी वाजवत नाही. भाजीवालासुद्धा तेवढं दार मुकाट्यानं ओलांडतो. भिलाईत नवीन आलेल्यांना याचं नवल वाटतं, आम्हाला वाटत नाही. आमच्यासारख्या कितीतरी घरांना ताईंनी दिवसाची झोप मिळवून दिली.

आणि अशा बाईंना पंचाहत्तरीनिमित्त आमच्या गौरव समितीनं काय द्यावं? त्यांच्याच घरासमोरच्या बागेत, त्यांच्याच नावाचा हायमास्ट, म्हणजे प्रखर दिव्यांचा उंच खांब. आयुष्यभर दिव्यांवर काम केलं, म्हणून दिवाच भेट! ताईंना कुणी विचारलं नाही, कारण म्हणे सरप्राइज द्यायचं होतं. हे लिहितोय तेव्हा समारंभाला अजून अवकाश आहे, पण चाचणी म्हणून तो खांब रोज दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत जळतो. ताईंच्या पलंगावर बसून त्या उजेडात पेपर वाचता येतो, मी स्वतः वाचून पाहिला आहे. शेवटी ताईंनी खिडकी बंद करून वर गोधडी ठोकली आहे, आणि तीही आपल्या इथल्या या उकाड्यात. त्यांना झोप नाही, त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं आहे आणि डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या आहेत. माझ्या अंगाचा तिळपापड होतो हे लिहिताना.

ताई समितीच्या अध्यक्षांकडे गेल्या तेव्हा मी सोबत होतो. खांब काढा असं त्या म्हणाल्याच नाहीत. दहानंतर बंद करा आणि दिव्यांची तोंडं खाली वळवा, एवढंच त्यांनी मागितलं. अध्यक्षांनी सुरक्षेचं कारण सांगितलं. रस्त्यावरचे दिवे चालू आहेतच, असं ताई म्हणाल्या. तेव्हा ते हसून म्हणाले, "ताई, तुमच्या नावाचा खांब आहे. विझलेला दिसला तर बरं दिसते काय?" वर समारंभ होऊ द्या, मग पाहू, असंही म्हणाले.

तुम्ही भांडला काऊन नाही, असं मी परतताना विचारलं. कुणालाही न भिणाऱ्या आमच्या ताई, पण त्या दिवशी थकून म्हणाल्या, "कोणाकोणाशी भांडू? सकाळपासून लोक फोन करून राहिले, अभिनंदन म्हणून. मले सत्कार नाई पाहिजे रे बाप्पा. मले झोप पाहिजे."

गौरवग्रंथात खांबाचा हा मजकूर शोभत नाही, तेवढा गाळा, असा निरोप संपादकांकडून आला होता. छापायचा तर सगळा लेख छापा, नाहीतर सगळा परत करा, असं मी कळवलं. तुम्ही हे वाचत असाल तर संपादकांचे आभार.

आता शुभेच्छा. ताईंनी शंभरी गाठावी, त्यांचे गुडघे, डोळे आणि जीभ अशीच शाबूत राहावीत, असं मलाही अगदी मनापासून वाटतं. या ग्रंथात प्रत्येकानं तेच लिहिलं असणार. समारंभाच्या दिवशी तुम्ही ताईंना शाल द्याल, पाया पडाल आणि आपापल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन गाढ झोपाल. ताई मात्र त्या खांबाखाली परत जातील. ज्या बाईंना तुम्ही झोपू देत नाही, त्यांना दीर्घायुष्य कोणत्या तोंडानं चिंतता? खांबाच्या स्विचच्या पेटीची किल्ली अध्यक्षांच्या खिशात आहे. आधी तो दिवा बंद करा, आणि मग शुभेच्छा द्यायला या.