नसरीनचा मनोरा

काल रेणापुरात सुताराच्या दुकानासमोर सागाच्या भुशाचा वास आला आणि माझ्या अंगणवाडीतली चार वर्षांची नसरीन आठवली. दोन महिने ती एक शब्द बोलली नव्हती. एका सकाळी तिचे सुतारकाम करणारे अब्बा पिशवीभर गुळगुळीत ठोकळे देऊन गेले. नसरीननं मनोरा रचला, तो पडला. पुन्हा रचला, पुन्हा पडला. मी मदतीला हात पुढं केला, तर तिनं तो बाजूला सारला. मग सगळ्यात मोठा ठोकळा तळाला ठेवला आणि मनोरा टिकला.

"ताई, मोठा खाली ठिवायचा. मग पडत न्हाई," ती म्हणाली.

ती बोलली याच आनंदात मी तिला उचलून घेतलं. ते तिला कुणीच शिकवलं नव्हतं, हे आज उमगतंय.