रक्तवाढीची काळी वडी

कोविडच्या दोन वर्षांनी प्रत्येकाला किस्से दिले. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या आसपासची आम्ही मराठी मंडळी जेवायला जमलो की पहिली पोळी संपायच्या आत कुणीतरी सुरू करतंच. यूट्यूब बघून नवऱ्याने कापलेले केस, कॅमेरा चालू असताना लुंगीवर उठलेला मॅनेजर. सगळे हसतात. माझ्याकडेही पाच-सहा किस्से आहेत, पण ते सगळे एकाच काळ्या वडीचे आहेत. मी सांगायला लागले की नवरा हळूच पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवतो. माझा आवाज चढतो म्हणे. चढू दे.

*

मी चिप बनवणाऱ्या मशीन्सवर काम करणारी इंजिनिअर. मेइ माझ्याच टीममधली, आणि आइंडहोवनजवळच्या बेस्ट नावाच्या गावात आमच्यापासून दोन घरं सोडून राहणारी. ती चीनच्या शांडोंग भागातली, पण इथे येऊन अकरा वर्षं झालेली. तिची मुलगी आणि माझी मुलगी एकाच वर्गात.

पहिल्या लाटेत निरंजनदादा मला सायकल ट्रॅकवर भेटला. दादा आमच्यातला सगळ्यात जुना, वीस वर्षं इथे. कुणाला घर शोधून दे, कुणाच्या आईवडिलांच्या व्हिसाचे कागद बघ, अशी कामं करायचा म्हणून सगळ्यांचा दादा. तेव्हा मी त्याला अहो-जाहो करायचे. आता लिहिताना ते जमत नाही.

सायकल दीड मीटरवर थांबवून तो म्हणाला, "रोहिणी, एक सांगू? तुझ्या मुलीला त्या चिनी बाईच्या मुलीबरोबर खेळायला सोडू नकोस. हे लोक काय काय खातात, माहितीये ना?"

मी म्हणाले, "दादा, ती तीन वर्षांत चीनला गेलेली नाही. तुम्ही गेल्या महिन्यात इटलीत स्कीइंग करून आलात."

तो हसला नाही. मीही नाही.

*

त्या उन्हाळ्यात मला जिना चढताना धाप लागायला लागली. कोविडची टेस्ट दोनदा निगेटिव्ह. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे फोन केला की असिस्टंट म्हणायची, "पॅरासिटामॉल घ्या, आराम करा." तिसऱ्यांदा मी तिला सांगितलं, "मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून बोलतेय, कारण पाचवी चढता येत नाहीये." मग कुठे रक्त तपासलं. हिमोग्लोबिन पाच पॉइंट आठ.

आईला व्हिडिओ कॉलवर तो आकडा सांगायची चूक मी केली.

"पाच? अगं, मग तू बसलीयेस कशी?"

इथलं मोजमाप वेगळं असतं, आपल्याकडच्या मापात ते नवाच्या वर जातं, हे समजवायला मला पाऊण तास लागला. तेवढ्यात आमच्या अर्ध्या गावाने मला आयसीयूत पोचवलं होतं.

*

मला रक्त कमी आहे हे मेइला कळलं. दुसऱ्या दिवशी दारात एक डबा. आत काळ्या, चकचकीत वड्या, अक्रोड आणि तीळ घातलेल्या. वास गुळाच्या काकवीसारखा, आणि त्याच्या मागे आणखी काहीतरी. मेइ फाटकाच्या पलीकडे उभी होती.

"माझ्या आईने पाठवलंय. आमच्याकडे बायकांना रक्त वाढायला देतात. बाळंतपणानंतर मीही खाल्लंय."

"कशाचं असतं?"

तिला इंग्रजी शब्द आठवेना. तिने फोनमध्ये शोधला आणि फोन लांबूनच माझ्यासमोर धरला. गाढवाच्या कातड्याचा डिंक. कातडं उकळून उकळून काढलेला.

मी मांस खाते. पण माझे वडील कुंभार. सांगोल्याजवळच्या आमच्या गावात ओढ्याची माती घरापर्यंत गाढवांच्या पाठीवरून यायची. माझ्या इंजिनिअरिंगची फीसुद्धा त्याच पाठींवरून आली. मेइला मी हे सांगितलं. तिने एक शब्दही वाद घातला नाही. डबा उचलून नेला आणि संध्याकाळी लाल खजुरांची पिशवी ठेवून गेली. वर चिठ्ठी होती, 'फक्त झाड.'

हाउसआर्ट्सने लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांत मी जिना चढायला लागले.

*

हिवाळ्यात पुन्हा सगळं बंद झालं आणि निरंजनदादाने झूमवर आरोग्याचे वर्ग सुरू केले. वर्गाच्या शेवटी तो 'रक्तवर्धिनी' विकायचा. हिमालयातल्या झाडाचा चीक, शंभर टक्के शाकाहारी. पुड्या तो स्वतः सायकलवरून घरोघरी पोचवायचा.

माझी मैत्रीण शुभांगी ती रोज घ्यायची. शुभांगी म्हणजे दह्याच्या डब्यावरही जिलेटिन आहे का ते वाचणारी बाई. एकदा सुपरमार्केटमध्ये तिने मुलाच्या हातातून गमी बेअर्स काढून घेतले तेव्हा तो इतका रडला की मॅनेजर आला. तिने त्यालाच डच भाषेत विचारलं, "हे डुकराचं की गाईचं?" त्याला सांगता येईना, म्हणून पाकीट परत.

त्याच शुभांगीला पाच महिने पाळीचा रक्तस्राव थांबत नव्हता. डॉक्टरकडे का जात नाहीस म्हटलं तर म्हणाली, "दादा म्हणालेत, आत्ता हॉस्पिटलच्या वाऱ्यालाही उभं राहू नकोस. वर्धिनीने भरून निघेल." बोलताना तिचे ओठ पांढरे होते. तिने एक पुडी माझ्यापुढे सोलली.

काळी, चकचकीत वडी. तोच वास.

*

मी ती वडी मेइकडे नेली. तिने कोपरा तोडला, हुंगला आणि म्हणाली, "आमचीच आहे. पण कागदावर हे पान कसलं छापलंय?"

मी दादाला फोन लावला.

"हे गाढवाचं कातडं आहे, हे तुम्हाला माहिती होतं का?"

अगदी समजुतीच्या सुरात, "अगं, सांगितलं असतं तर एकीने तरी घेतलं असतं का?"

"शुभांगीचं रक्त जातंय पाच महिने. तुम्ही तिला डॉक्टरकडे जाऊ दिलं नाहीत."

"तिला बरं वाटत होतं. श्रद्धेचा भाग असतो." आणि मग, हसत, "पण मानलं तुला. आमच्यापैकी कुणाला नाही आला, गाढवाचा वास तुलाच बरा ओळखता आला."

माझ्या घरी गाढवं होती हे मी कधी लपवलेलं नाही. वीस लोकांच्या पंगतीत मीच ते सांगितलं होतं, आणि तेव्हा दादाने "केवढा स्ट्रगल" म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या. मी फोन ठेवला.

त्याच दुपारी मी शुभांगीला सगळं सांगितलं. ती रडली नाही. उठली, बाथरूममध्ये गेली, बराच वेळ दात घासत राहिली. बाहेर येऊन म्हणाली, "गाडी काढ." हॉस्पिटलमध्ये तिला तीन पिशव्या रक्त चढवलं. गर्भाशयात मोठी गाठ होती. कोविडमुळे ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं, पण झालं, आणि ती वाचली.

आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी सगळं लिहिलं. उत्तरं आली ती अशी. 'दादांनी किती जणांसाठी केलंय, ते विसरू नका.' 'वैयक्तिक विषय ग्रुपवर नकोत.' 'आता हे आमच्या सासूबाईंना कोण सांगणार?' शुभांगीची तब्येत कशी आहे, हे एकानेही विचारलं नाही. रात्री मला ग्रुपमधून काढलं. पाठोपाठ शुभांगी स्वतःच बाहेर पडली.

*

गावी दुसरी लाट होती तेव्हा अप्पांचा फोन आला. अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांच्याकडे चारच गाढवं उरली होती. पहाटे ओढ्याकाठून तीन कुणीतरी टेम्पोत घालून नेली. अप्पा चौकीवर गेले तर पोलीस म्हणाला, "म्हाताऱ्या, माणसं मरायलीत, आन् तू गाढवं मोजतोस?" तक्रार लिहूनच घेतली नाही.

आसपासच्या गावांतूनही गाढवं जात होती, आणि कातड्यासाठी जातात असं लोक बोलत होते. अप्पांचीही त्यासाठीच गेली असतील असं मी छातीठोक सांगू शकत नाही. अप्पांना मी ते सांगितलंही नाही.

"ओझ्यालाच नेली असतील कुनी," अप्पा म्हणाले. "चारा घालत्याल न्हवं?"

"घालतील, अप्पा," मी म्हणाले. अप्पांशी मी आयुष्यात एवढं मोठं खोटं बोलले नव्हते.

*

विमानं सुरळीत झाल्यावर अप्पा दोन महिने आमच्याकडे आले. एका रविवारी आम्ही त्यांना मुलांसाठीच्या प्राण्यांच्या शेतावर नेलं. मेइ आणि तिची मुलगीही बरोबर होत्या. तिथे एक म्हातारं करडं गाढव होतं. अप्पा कुणाला न विचारता कुंपणातून आत गेले. राखणदार बाई ओरडत आली, पण अप्पांनी गाढवाचा पाय उचलून खुरात अडकलेला खडा काढला तशी तिथेच थांबली.

अप्पांची गाढवं चोरीला गेल्याचं मेइला मी सांगितलं होतं. ती माझ्याजवळ आली. "कातड्यांचं तू त्यांना सांगितलंस का?"

"नाही."

"मग मी सांगते. तू फक्त भाषांतर कर."

मला ते भाषांतर करायचं नव्हतं. मी म्हटलं, "मेइ, हे तुझं काम नाही. ज्याने खरं सांगायला हवं होतं तो माणूस आज झूमवर प्राणायाम शिकवतोय." ती हलली नाही. कुंपणाला धरून ती अप्पांशी बोलू लागली आणि मी मराठीत सांगत गेले. आमच्याकडे गाढवाच्या कातड्याचं औषध करतात. त्यासाठी लांबलांबच्या देशांतून कातडी येतात. माझी आई ते खाते. माझी मुलगी झाली तेव्हा मीही खाल्लं. तुमची गाढवं कुठे गेली मला माहीत नाही. पण मला तुमची माफी मागायची आहे.

अप्पांचा हात गाढवाच्या पाठीवर होता. तो तिथेच राहिला. त्यांनी मला विचारलं, "पोरगी झाली तवा हिचं रगत लई गेलं हुतं का?"

मी मेइला विचारलं. ती म्हणाली, "खूप."

"आता बरी हाय न्हवं?"

"बरी आहे."

अप्पांनी मान हलवली आणि एका बाजूला सरकून जागा केली. "तिला म्हनावं, आत ये. हितं हात घाल, मानंच्या मागं. हितं त्याला खाज सुटती, आन् त्याचं त्याला खाजवता येत न्हाई."